ओटी, माजघर, मागीलदार आणि घरचा व्हॉट्सॲप गट

मालवण तालुक्यातल्या आमच्या घरात बोलायच्या जागा ठरलेल्या होत्या. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कुणीही यायचं: पोस्टमन, पाटी घेऊन आलेली मासेवाली, मतं मागणारे. ओटीवर बसायचा तो ओळखीचा, त्याला गूळपाणी मिळायचं आणि त्याच्यासमोर पावसापाण्याचं, आंब्याच्या भावाचं बोलणं व्हायचं. माजघरात फक्त घरचे. आणि मागीलदारी, विहिरीच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीला टेकून बायका जे बोलायच्या ते ओटीवर कधीच पोहोचायचं नाही. कुठलं बोलणं कुठे करायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. चुकीच्या जागी तोंड उघडलं की आजी नुसतं बघायची, तेवढं पुरे व्हायचं.

२०१५ साली डोंबिवलीच्या चुलत भावाने घराण्याचा व्हॉट्सॲप गट काढला. त्यात आज ४३ माणसं आहेत. गावात राहणारे दोघे काका, परळ-लालबाग सोडून आता नालासोपारा-विरारला गेलेले चाकरमानी, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, कुवेतला असलेला भाचा, कॉलेजची पोरं, आणि दोन अशी माणसं ज्यांचं आमच्याशी नातं काय हे मला अजून नीट सांगता येत नाही. या गटाला ओटी नाही, माजघर नाही, मागीलदार नाही. ४३ माणसं एकाच खोलीत, चोवीस तास.

‘मोबाइलमुळे घरातलं बोलणं संपलं, संस्कार गेले’ हे वाक्य हल्ली लग्नाच्या मांडवापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मला ते पटत नाही. बोलणं संपलेलं नाही, उलट अति झालंय. गेल्यात त्या भिंती. आणि भिंती गेल्यावर मान, भीड, लाज या गोष्टींचं नेमकं काय होतं ते समजून घेतलं, तर घरात फोनवरून होणारी निम्मी भांडणं कुठून येतात हे कळतं.

ही गोष्ट अभ्यासकांनीही हेरली आहे. १९५०च्या दशकात अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने मांडलं की माणूस रोजच्या जगण्यात नटासारखा वागतो. रंगमंचावर एक रूप, पडद्यामागे दुसरं, आणि ही लबाडी नव्हे. दशावतारात राजा झालेला माणूस रंगपटात बिडी ओढत बसतो, म्हणून त्याचं राजेपण खोटं ठरत नाही. पुढे २०११ साली ॲलिस मारविक आणि डॅना बॉइड या दोन संशोधकांनी ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं की सोशल मीडियावर हे वेगवेगळे प्रेक्षक एकमेकांवर कोसळतात. आई, साहेब, वर्गमित्र, शेजारी, सगळे एकदम समोर. मग लिहिणारा कुणाशी बोलतोय हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. एक तर तो गुळमुळीत लिहितो, सगळ्यांना चालेल असं. नाहीतर एकाला उद्देशून लिहितो आणि ते बाकीच्यांना लागतं.

आमच्या गटाचा रोजचा सकाळचा ‘शुभ सकाळ’वाला गुलाब हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकाराची गोष्ट सांगतो.

‘बघा काय ते’

मे २०२१. तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर सरकलं. वीज गेली, रेंज गेली. मुंबईच्या लोकांचा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी धाकटे काका कुठून तरी रेंज पकडून गटावर आले. तीन फोटो: मागच्या पडवीवर आडवा झालेला फणस, उडालेली कौलं, आणि भिजलेली भाताची कणगी. खाली एकच ओळ. ‘छप्पर गेले. बघा काय ते.’

मालवणी घरात वाढलेल्याला कळेल, ‘बघा काय ते’ म्हणजे ‘बघा हो, काय होऊन बसलं’. हताश माणसाचा उद्गार. पण डोंबिवलीच्या भावाने ते वाचलं ते ‘आता तुम्हीच काय ते बघा’ असं, म्हणजे पैशांचा तगादा. त्याने लिहिलं, ‘आम्ही इथून काय बघणार, घरात तुम्ही राहता ना?’ पुढे तो शपथेवर सांगत होता की त्याला म्हणायचं होतं, तुम्ही जागेवर आहात, तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य. काकांनी वाचलं ते ‘राहता तुम्ही, मग खर्चही तुम्हीच करा’ असं. त्यात एका एकोणीस वर्षांच्या पुतण्याने भावाच्या ओळीखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. त्याच्या हिशोबाने त्याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच. काकांना तो पाठिंबा दिसला. रात्री साडेनऊला धाकटे काका आणि त्यांचा मुलगा गटातून बाहेर. तेव्हा कुणी बाहेर पडलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर ते उमटायचं. २०२२पासून ती सूचना फक्त ॲडमिनला जाते. आमच्या वेळी मात्र ४३ जणांनी दाराचा आवाज ऐकला.

या भांडणात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

पहिली, आवाज नव्हता. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर वाजत असतो, त्यामुळे तो समोरच्यालाही ऐकू येतोय असं त्याला वाटतं. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांसह हे तपासलं. काही वाक्यं टोमण्याची, काही सरळ मनाची. ती ईमेलने पाठवायची आणि वाचणाऱ्याने ओळखायचं कुठलं कुठलं. पाठवणाऱ्यांना वाटलं की शंभरातली ७८ बरोबर ओळखली जातील. ओळखली गेली सुमारे ५६. नाणं उडवूनसुद्धा ५० येतातच. हीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला. आता यात मालवणीची भर घाला. जी भाषा शिवी देऊन माया करते आणि ‘शाणो मा तू’ म्हणून कान उपटते, तिचा सूर काढून घेतला तर मागे काय उरणार?

दुसरी गोष्ट, बघणारे होते. हेच दोघे माजघरात बसून बोलले असते तरी गैरसमज झाला असता, पण तो दोन मिनिटांत मिटला असता, कारण माघार घेताना कुणी बघत नसतं. ४३ जणांसमोर काकांना ‘माझं चुकलं’ म्हणता येत नाही. भावालाही नाही, त्याची बायको आणि मेहुणाही बघतायत. घरात मोठ्यांचा मान राखायचा म्हणजे मोठ्यांना नेहमी बरोबर मानायचं असं नसतं; त्यांची चूक माजघरातच राहील एवढी काळजी घ्यायची असते. भीड म्हणतात ती हीच. गटात ती पाळायला जागाच नाही.

पत्राला एक वाचणारा होता

पूर्वी गाव आणि मुंबई यांच्यामध्ये निळं आंतर्देशीय पत्र होतं. मी सहावी-सातवीत असताना आजीला पत्रं वाचून दाखवायचो. ती सुपात तांदूळ निवडत बसायची आणि म्हणायची, ‘वाच रे फुडे.’ एकदा थोरल्या काकांनी लिहिलं होतं की या वर्षी गणपतीला येणं कठीण आहे, गिरणी बंद झाल्यापासून हातात काही राहत नाही. पुढे आजीच्या औषधांच्या खर्चाबद्दल एक वाकडी ओळ होती. आई मागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी ती ओळ गाळून थेट ‘येथील सर्व क्षेम’वर गेलो. आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. की कळलं होतं, कोण जाणे. तांदूळ निवडणारा हात क्षणभर थांबल्यासारखा मला आठवतो.

पत्र उशिरा यायचं, त्यामुळे राग शिळा होऊन पोहोचायचा. ते कुणाच्या तरी तोंडून यायचं, म्हणून गाळून यायचं. आणि त्याच्या शेवटी एक ठरलेली ओळ असायची, ‘कमीजास्त लिहिले असल्यास माफी असावी.’ ही ओळ व्हॉट्सॲपवर लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

उलट तिथे निळी खूण आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये ती आली, आणि ‘वाचलं पण उत्तर दिलं नाही’ हा अगदी नवा गुन्हा घराघरात जन्माला आला. पत्राला पंधरा दिवस उत्तर नाही आलं तर आई म्हणायची, टपाल अडलं असेल. आता टपाल अडत नाही, त्यामुळे माणूसच अडून बसला असणार असं वाटतं. सेटिंगमध्ये जाऊन ही खूण बंद करता येते. घरातल्या किमान म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर ती बंद करून द्या असं मी सगळ्यांना सांगतो. गटातल्या संदेशांना ती सवलत नाही, तिथे कुणी वाचलं ते दिसतंच. पण मुलगा ‘बघतो आणि बोलत नाही’ या एका गोष्टीवर संध्याकाळभर झुरत बसलेली आई मी पाहिली आहे. तिचा मुलगा त्या वेळी लोकलच्या दारात लटकलेला होता.

फॉरवर्डचा मान

व्हॉट्सॲपवर काय दाखवायचं हे कंपनीचं गणित ठरवत नाही. तिथे माणसंच माणसांना पाठवतात. म्हणून खोटी माहिती तिथे जास्त घट्ट बसते: ती अनोळखी माणसाकडून येत नाही, मामांकडून येते.

गावऱ्हाटीत, म्हणजे गावदेवाच्या मानपानाच्या रीतीत, देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा मानकरी बोलतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मध्येच कुणी ‘थांबा, हे खरं कशावरून?’ असं विचारत नाही. आमच्या गटात थोरल्या काकांनी काहीही टाकलं की खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. ते आजचं ‘व्हय म्हाराजा’. देवासमोर ते शोभतं. कांद्याच्या रसाने कुठला आजार बरा होतो, या संदेशाखाली शोभत नाही. आणि अफवा किती महाग पडते हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली आणि ‘फॉरवर्डेड’ ही पाटी लावली. फार फिरलेल्या संदेशावर २०१९पासून दोन बाण दिसतात आणि एप्रिल २०२०पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसरं काही शिकवू नका, हे दोन बाण ओळखायला शिकवा. दोन बाण म्हणजे हे आपल्या माणसाने लिहिलेलं नाही, दहा गावचं पाणी पिऊन आलेलं आहे.

आणि काकांना दुरुस्त करायचं झालं तर गटात करू नये. मी एकदा केलं होतं, दुवा देऊन, तारखेसकट. माझी माहिती बरोबर होती. त्यानंतर काका माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. आता मी त्यांना एकट्यांना फोन करतो आणि विचारतो, ‘ह्यां तुमका कोणी धाडल्यान?’ निम्म्या वेळा ते स्वतःच संदेश पुसून टाकतात.

एका ओटीवर पाच जगं

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबचं काम वेगळं चालतं. तिथे पुढे काय दिसावं हे यंत्र ठरवतं, आणि ते प्रत्येकासाठी वेगळं ठरवतं. ‘अल्गोरिदम’ हा शब्द ऐकून घाबरू नका. मासेवालीसुद्धा तेच करते. कोण बांगडा घेतं, कोण फक्त सुरमई विचारून पुढे जातं, हे तिच्या ध्यानात असतं, आणि तुमच्या खळ्यात पाटी उतरवताना ती वर काय मांडायचं ते त्यावरून ठरवते. फरक एवढाच की तिला तुमचं भलं झालेलं चालतं, यंत्राला फक्त तुम्ही खळ्यातून उठू नये असं वाटतं.

त्या उठू न देण्याच्या दोन युक्त्या आहेत. एक, शेवट काढून टाकणं. खाली सरकवत राहा, पान संपतच नाही. ही रचना २००६मध्ये आझा रास्किन या अभियंत्याने केली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल खंत बोलून दाखवली. आपल्याकडे सगळ्याला शेवट असायचा. पेपर संपायचा. दिवाळी अंक संपायचा. रात्रभर चालणारा दशावतारसुद्धा पहाटे दहीकाल्याने संपतो. दुसरी युक्ती गरी टाकून बसलेल्या माणसाला विचारा. प्रत्येक वेळी मासा लागला तर तो पुरेसे घेऊन घरी जाईल. कधीच लागला नाही तरी जाईल. कधीतरी लागतो, म्हणून तो अंधार पडेपर्यंत खडकावर बसतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच दाखवलं होतं: दाणा अधूनमधून, अंदाज न देता मिळाला की चोच मारणं थांबत नाही. रीलमध्ये दहातली नऊ फालतू असतात. दहाव्यासाठी अंगठा हलत राहतो.

घरातल्या बोलण्यावर याचा परिणाम असा की जेवायला बसलेली पाच माणसं पाच गावांहून आल्यासारखी असतात. बाबांना दिवसभर राजकारणाचे तावातावाचे तुकडे दिसलेत, मुलीला त्यातलं एकही नाही. रागाला इथे भाव होता, हेही आता उघड झालंय. फेसबुकच्या गणितात २०१७पासून काही काळ रागाच्या चिन्हाला, इतर भावचिन्हांसारखंच, साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं जायचं, हे २०२१मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं. नंतर ते वजन कमी करत शून्यावर आणलं गेलं. पण ज्या घरांत त्या काळात आमटीवरून सुरू झालेलं बोलणं पक्षावर जाऊन ताट ढकलण्यापर्यंत पोहोचलं, तिथे ते ताट ढकललं गेलं ते गेलंच.

पोरांच्या मानसिक आरोग्याबद्दल मात्र सावध राहून बोलावं. २०१९मध्ये एमी ऑर्बेन आणि ॲन्ड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी लाखो किशोरवयीनांची आकडेवारी चाळली, तेव्हा डिजिटल वापराने त्यांच्या समाधानातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक समजावता येत होता. दुसरे अभ्यासक, विशेषतः मुलींच्या बाबतीत, याहून मोठी हानी मानतात. वाद चालू आहे. टेबलावर नुसता फोन असला तरी गप्पांची खोली कमी होते, हा प्रयोग खूप गाजला. पुढे तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसा निकाल मिळाला नाही. तेव्हा ‘मोबाइलने पिढी वाया गेली’ म्हणणाऱ्यांचं आणि ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांचं, दोघांचंही थोडं बाजूला ठेवून आपल्या घरात काय होतंय ते बघावं. आमच्या घरात मुलांना जे लागलं ते रील नव्हतं. दहावीच्या निकालाच्या दिवशी गटावर आलेली ९१ टक्क्यांची गुणपत्रिका होती, खाली २६ अभिनंदनं, आणि ६१ टक्के मिळवलेली माझी पुतणी त्याच गटात, कुणी न बोलावलेली. पूर्वी पेढे घेऊन जाणारा माणूस कुणाच्या दारात किती मोठ्याने बोलायचं हे बघून बोलायचा.

काय मिळालं तेही

कुणी फोन समुद्रात टाका म्हणालं तर आमच्या घरातल्या बायका त्यालाच समुद्रात टाकतील. लग्न होऊन घाटावर गेलेली माझी बहीण पूर्वी गौरी-गणपतीला माहेर बघायची. आता ती रोज दुपारी आईच्या रांधपात असते, फोन डब्याला टेकवलेला, दोघी बोलतही नाहीत नुसत्या, एक इकडे नारळ खवते, एक तिकडे भाकऱ्या थापते. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी मुस्लिम घरांत एक तरी माणूस आखातात असतो, आणि दुबईसारख्या ठिकाणी व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही म्हणून या घरांतल्या आज्यांना कॉलची दुसरी ॲप वापरता येतात. काकीला टाइप करणं जमत नाही. ‘माका ह्या बोटान लिवक जमना नाय, मी बोलतंय, तू आयक,’ म्हणून ती चार चार मिनिटांचे आवाजी संदेश पाठवते. मागे कोंबड्या, प्रेशर कुकरची शिट्टी, मध्येच कुणाला तरी हाक. पोरं त्यांना हसतात आणि वेग दुप्पट करून ऐकतात. माझ्या मते गटातलं तेवढंच खरं पत्र आहे. सूर शाबूत असलेलं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं, त्याचं खूप कौतुक झालं. आमच्याकडे वाड्या एवढ्या विखुरलेल्या की एका देवळाचा भोंगा दुसऱ्या वाडीला ऐकू येणार नाही. आम्ही वेळेऐवजी जागा वाटल्या.

२०२१च्या गणपतीला डोंबिवलीचा भाऊ आला, खळ्यात उभं राहूनच काकांना म्हणाला, ‘मी तसं नव्हतं म्हटलं.’ काका म्हणाले, ‘आधी हातपाय धू.’ झालं. त्या रात्री भजन संपल्यावर उसळ खाताना ठरलं. मोठ्या गटात जन्म, मृत्यू, लग्न, गणपतीची तिकिटं आणि वादळवाऱ्याची खबर. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, पण त्याचं एक अक्षर गटावर नाही. ते फोनवर किंवा माजघरात. गुणपत्रिका नाही. आजाऱ्याचा फोटो नाही. एखादी ओळ टोचली तर उत्तर लिहायचं नाही, फोन लावायचा. हे सगळं पाळलं जातं असं नाही. गुलाब अजून येतोच.

आणि त्याच गणपतीत घरातल्या बायकांनी आपला एक वेगळा गट काढला. त्याचं नाव त्यांनी ‘मागीलदार’ ठेवलंय. रात्री अकराला बायकोचा फोन वाजतो, ती वाचते, उशीत तोंड खुपसून हसते. मी मान वाकडी करून बघायला गेलो की ती स्क्रीन पालथी घालते.